‘बौद्धांचे बायबल’ म्हणजे काय?



वर्षावासाचे दिवस होते. जालन्याजवळच्या एका वस्तीतील विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी हा ग्रंथ वाचायचा, ही आपल्या समाजाने स्वतःला लावून घेतलेली फार चांगली सवय आहे. त्या दिवशी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव बहुमताने मंजूर केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्याची परिणती परिव्रज्येत झाली, असे बाबासाहेबांनी मांडले आहे. वाचन संपले तेव्हा मागे बसलेली दहावीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मी लहानपणी वाचलेल्या गोष्टीत सिद्धार्थानं म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून घर सोडलं असं होतं. मग खरं कोणतं? आणि ते कशावरून?”

प्रश्न सरळ होता. पण पुढे बसलेले एक ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांच्या खस्ता खाण्यामुळेच ते विहार उभे राहिले, ते म्हणाले, “पोरी, हा ग्रंथ म्हणजे बौद्धांचे बायबल आहे. बायबलात शंका काढीत नसतात. खाली बस.” मुलगी खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आम्ही त्या दिवशी तिथे हजर होतो आणि आम्ही गप्प बसलो. ज्येष्ठांचा मान राखला, असे आम्ही मनाशी म्हटले. वस्तुतः तो मान नव्हता, भिडस्तपणा होता. त्याची रुखरुख लागून राहिली म्हणूनच आजचा हा लेख.

पहिला प्रश्न असा की, बायबलात शंका काढीत नाहीत हे तरी खरे आहे काय? ख्रिस्ती बांधवांची त्यांच्या ग्रंथाविषयी नेमकी श्रद्धा काय आहे, हे आपण शेजारी राहूनही कधी विचारत नाही. आम्ही ते विचारायला आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका मावशींकडे गेलो. मावशी निवृत्त परिचारिका. त्यांची पणजी बेथेलची.

बेथेलचे नाव जालन्याच्या लोकांना माहीत असते, इतिहास मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनकडे गेला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुलाला बापाच्या हवाली करण्यात आले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात केवढे रणकंदन माजले! बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली म्हणून त्यांनाही त्रास सोसावा लागला. हे नारायण शेषाद्री पुढे १८६० नंतरच्या दशकात निजामाच्या मुलुखात, जालन्याला आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे आलेली माणसे मुख्यतः मांगवाड्यातली आणि महारवाड्यातली, म्हणजे तुमच्या-आमच्या रक्ताची.

आम्ही मावशींना विचारले, “मावशी, तुमचा ग्रंथ देवानं लिहिला असं तुम्ही मानता ना?”

मावशी हसल्या. म्हणाल्या, “अरे लेकरा, देवानं का हातात टाक धरला होता? माणसांनीच लिहिलं. पण लिहिणाऱ्याच्या मनात देवाचा आत्मा होता, असं आम्ही मानतो. बासरी माणसाची, फुंकर देवाची.”

ख्रिस्ती धर्मातल्या एका मोठ्या सिद्धान्ताचा गाभा मावशींनी एका वाक्यात सांगितला. बायबलच्या नव्या करारात पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात सगळे शास्त्र देवाच्या श्वासातून आलेले आहे, अशा अर्थाचा एक ग्रीक शब्द वापरला आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातही माणसे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलली असा आशय आहे. या दोन आधारांवर ईश्वरप्रेरणेचा सिद्धान्त उभा आहे. परंतु प्रेरणा म्हणजे काय, याबद्दल ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. काही म्हणतात, शब्द न् शब्द देवाचा, त्यात इतिहासाची किंवा विज्ञानाचीही चूक असू शकत नाही. १९७८ साली अमेरिकेत शिकागो येथे अशा मताच्या पंडितांनी एकत्र येऊन तसे निवेदनच काढले. याउलट रोमन कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली असे ठरवले की, ग्रंथाचा कर्ता देव आहे, पण ज्या माणसांकरवी तो लिहवला तीही खरीखुरी लेखक होती, आपापल्या बुद्धीने आणि आपापल्या काळाच्या पद्धतीने लिहीत होती. म्हणून ग्रंथ वाचताना तो कोणी, कधी आणि कोणत्या रीतीने लिहिला हे पाहिलेच पाहिजे. पुस्तके किती, यावरही मतभेद आहेत. प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तके आणि कॅथलिकांच्या बायबलात ७३.

आणि शंका? शंका तर भरपूर काढल्या गेल्या. ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चने जालन्याला मिशन चालवले, त्याच चर्चमध्ये विल्यम रॉबर्टसन स्मिथ नावाचे हिब्रूचे प्राध्यापक होते. मोशेच्या नावावरची पुस्तके एका हाताने, एका काळात लिहिलेली नाहीत, असे संशोधन त्यांनी १८७५ च्या सुमारास एका ज्ञानकोशातील लेखात मांडले. चर्चने त्यांच्यावर खटला चालवला आणि १८८१ साली त्यांना ॲबर्डीनच्या अध्यापकपदावरून दूर केले. म्हणजे इकडे बेथेलात आपली माणसे बायबलची अक्षरे गिरवीत होती, त्याच काळात तिकडे त्याच चर्चमध्ये त्या अक्षरांवर खटला चालू होता!

आफ्रिकेतली गोष्ट तर याहून बोलकी आहे. नाताळ प्रांतात कोलेन्सो नावाचे बिशप होते. ते बायबलचे झुलू भाषेत भाषांतर करीत होते. त्यांना मदत करणाऱ्या विल्यम एनगिडी या झुलू गृहस्थाने महापुराची आणि नोहाच्या तारवाची गोष्ट ऐकून विचारले की, हे सारे खरेच घडले काय? बिशपला खोटे बोलवेना. त्याने स्वतः हिशेब मांडून तपास केला आणि १८६२ पासून त्यावर पुस्तके लिहिली. पुढच्याच वर्षी त्याच्यावर पाखंडाचा खटला झाला. तिथे बिशपला एका काळ्या माणसाचा प्रश्न ऐकावासा वाटला. आमच्या विहारात आमच्याच मुलीचा प्रश्न आम्हाला ऐकवला नाही!

आम्ही वीस वर्षे कचेरीत कागद हाताळतो. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, नकलेवर ‘खरी प्रत’ असा शिक्का कोणी आणि कशावरून मारला, हे पाहण्याची सवय हाडीमांसी खिळली आहे. त्या नजरेने पाहिले तर बायबलच्या कोणत्याही पुस्तकाचा अस्सल कागद आज उपलब्ध नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. नव्या कराराची २७ पुस्तके कोणती, ही आजच्यासारखी पूर्ण यादी प्रथम मिळते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ. स. ३६७ च्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशे वर्षांहून अधिक काळाने. दावीद राजाने शिरगणती केली ती देवाच्या प्रेरणेने, असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तीच शिरगणती सैतानाच्या चिथावणीने झाली आहे. येशूच्या आजोबांचे नाव मत्तयाने एक दिले आहे, लूकने दुसरे. एका फायलीत असे दोन दाखले निघाले तर आमचे साहेब आम्हाला खुलासा मागतील.

हे आम्ही मावशींना सांगितले. वाटले, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, “तुझं कारकुनाचं डोकं, तुला हेच दिसणार. आता माझं ऐक. माझी पणजी मांगवाड्यातली. तिच्या सावलीचासुद्धा विटाळ. तिला कोणी पोथी ऐकू देत नव्हतं. बेथेलात आली तेव्हा तिच्या हातात हे पुस्तक दिलं. पहिलं अक्षर ती यातून शिकली. देवाचं पुस्तक आपल्या हातात देतात, याचाच तिला आधी देव वाटला. तारीख-वार तू मोज. माझ्या पणजीला ते माणूसपण मोजून मिळालं नव्हतं.”

आम्ही निरुत्तर झालो. कारण ईश्वरप्रणीत ग्रंथाचा दुसरा नमुना आपल्या पूर्वजांनी अनुभवला होता. वेद अपौरुषेय, म्हणजे ते माणसाने रचलेच नाहीत, असे मीमांसकांनी सांगितले. आणि त्याच परंपरेतल्या गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला धातुरस ओतण्याची शिक्षा सांगितली. एका ग्रंथाच्या दैवीपणाचा दावा कान बुजवण्यासाठी वापरला गेला आणि दुसऱ्या ग्रंथाच्या दैवीपणाचा दावा करणारे लोक तो ग्रंथ अस्पृश्याच्या हातात, त्याच्या भाषेत द्यायला निघाले. हा फरक लहान नाही. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने बंगालमधील सेरामपूरहून मराठी नवा करार १८११ साली छापला. मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपला नवा करार १८२६ साली छापला. पुढे बाबा पदमनजींसारख्या मराठी माणसांनी भाषांतराच्या सुधारणेला हातभार लावला. आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. आधीच्या भाषांतरातले जड संस्कृत शब्द आणि त्यांतला वेदान्ताचा वास त्यांना नको होता.

या रमाबाईंचे आणखी एक वैशिष्ट्य आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या धर्मगुरूंनी आणि जोगिणींनी त्यांना चर्चचे म्हणणे मुकाट्याने मानायला सांगितले. तेव्हा, भटांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता दुसरे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी निर्भीडपणे कळवले. बायबलवर त्यांची पराकाष्ठेची श्रद्धा होती. तरीही बायबल काय सांगते हे आपण स्वतः वाचून ठरवू, हा हक्क त्यांनी सोडला नाही. तेव्हा ‘बायबलात शंका काढीत नसतात’ हे वाक्य ख्रिस्ती लोकांच्या बाबतीतही धड खरे नाही.

पण मावशींच्या पणजीची गोष्ट ऐकून आम्ही ईश्वरप्रेरणा मान्य केली काय? नाही. कारण त्याच बायबलाची दुसरीही बाजू आहे. अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, अशी पौलाच्या पत्रांतली वचने काढून गुलामगिरी देवमान्य ठरवली. आणि त्याच पुस्तकातल्या मोशेने आपले लोक मिसरातून सोडवले, ती कथा काळ्या गुलामांनी आपल्या मुक्तीची कथा म्हणून छातीशी धरली. पुस्तक एक, शिक्का एक, अर्थ दोन! म्हणजे शिक्क्याने निकाल लागत नाही. ‘हे देवाचे आहे’ एवढे म्हटल्याने बेडी तुटेल की घट्ट होईल हे ठरत नाही. ते ठरते वाचणाऱ्याच्या विवेकाने. आपल्याकडे तरी काय झाले? देवापुढे सर्व समान असे सांगणाऱ्या चर्चमध्येही जातीची बाके वेगळी राहिली. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाची जात सुटत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात पुराव्यांनिशी दाखवून दिले आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात एका व्यभिचारी ठरवलेल्या स्त्रीची गोष्ट आहे. तिला दगडांनी मारायला निघालेल्या जमावाला येशूने ज्याच्या त्याच्या पापाकडे पाहायला लावले आणि एकेक जण खाली मान घालून निघून गेला. हा मजकूर सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, तो मागाहून आला, असे विद्वान सांगतात. मग ती गोष्ट टाकून द्यायची काय? आम्ही म्हणतो, मुळीच नाही. तिच्यावर दैवी सही असो वा नसो, ती माणसाला माणूस करते. तिचे मोल तिच्यातच आहे. महात्मा फुले यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हीच दिशा दाखवली. एकाच घरात बायकोने बौद्ध, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने महंमदी आणि मुलाने सत्यधर्म स्वीकारावा आणि तरी सर्वांनी गोडीने राहावे, असे कुटुंब त्यांनी कल्पिले. ग्रंथ एका घरात चार राहू शकतात, पण त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या मानेवर बसता कामा नये, हा त्याचा अर्थ.

आता आपल्या ग्रंथाकडे वळू. ‘बौद्धांचे बायबल’ हा शब्द त्या ज्येष्ठांनी मनाने काढलेला नाही. बौद्धांसाठी बायबलसारखा ग्रंथ सिद्ध करावा, असे बाबासाहेबांनीच १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकातील लेखात सुचवले होते. पण का? बौद्ध वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाला ते वाचणे अशक्य, आणि ख्रिस्ती माणसाजवळ बरोबर नेता येईल असा एकच ग्रंथ असतो, ही सोय आपल्याकडे नाही, म्हणून. त्याच लेखात त्यांनी येशू आणि तथागत यांच्यातला फरकही सांगितला आहे. येशूने आपण देवाचा पुत्र असल्याचे सांगितले. तथागतांनी तसा कोणताही दावा केला नाही आणि आपले म्हणणे केवळ आपण सांगितले म्हणून स्वीकारू नका असे बजावले. म्हणजे बाबासाहेबांनी बायबलाकडून घेतली ती एका ग्रंथाची सोय. त्यावरचा दैवी शिक्का त्यांनी घेतला नाही.

तथागतांची वचनेही प्रथम तोंडपाठ होती. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदाने धम्म आणि उपालीने विनय म्हणून दाखवला अशी परंपरा आहे. ते लिहिले गेले ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, सिंहलद्वीपात. मधल्या काळात भर पडली असेल, चुका झाल्या असतील, हे बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितले आणि बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या. जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे, ज्यात माणसाचे कल्याण आहे, तेच बुद्धाचे म्हणावे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जे समजावले, त्याच मार्गाने हे जाणे झाले. आणि ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी स्वतःच चार प्रश्न उभे केले आहेत. त्यांतला पहिला प्रश्न कोणता? सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली, हाच! म्हातारा, आजारी आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याने पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असे ते म्हणतात. शेवटी वाचकांनी पुढे येऊन हे प्रश्न सोडवायला हातभार लावावा, अशी अपेक्षाही त्यांनी व्यक्त केली आहे.

बंधूंनो, त्या दहावीतल्या मुलीने दुसरे काय केले होते? जो प्रश्न बाबासाहेबांनी ग्रंथाच्या दारातच मांडून ठेवला, तोच तिने विचारला. तिने ग्रंथाचा अवमान केला नव्हता. तिथे बसलेल्यांत तो ग्रंथ बाबासाहेबांना हवा तसा ऐकणारी ती एकटीच होती.

आम्ही ते प्रास्ताविक घेऊन त्या ज्येष्ठांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्हाला कोणी पुस्तक हातात घेऊ दिलं नाही. मिळालं तेव्हा वाटलं, याला कोणाचा हात लागू नये. धक्का लागेल.” त्यांचे डोळे भरून आले होते. मावशींच्या पणजीची आणि त्यांची भावना एकच आहे, हे आम्हाला तेव्हा उमगले. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांना मिळालेले पहिले पुस्तक देवाचे वाटते. त्या भावनेची कोणी टिंगल करू नये. पण ती भावना पुढच्या पिढीच्या तोंडावर हात ठेवू लागली, तर ज्या कामासाठी ते पुस्तक लिहिले गेले ते कामच थांबते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुलीच्या घरी गेले. संध्याकाळच्या वाचनाला ती आली. प्रास्ताविक तिलाच मोठ्याने वाचायला दिले. त्यानंतर तासभर वाद झाला, प्रश्न काही सुटला नाही. तो तिने वहीत लिहून ठेवला आहे. आम्हाला त्याचे समाधान वाटते.

आणि एक. मावशींची आणि आपली वाट वेगळी आहे, पण मांगवाडा-महारवाडा एकच होता. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या. ख्रिस्ती झालेल्या आपल्या भावंडांना १९५० च्या आदेशाने आजही बाहेर ठेवले आहे. त्यांच्या ग्रंथाशी आपला वाद असेल, त्यांच्या दुःखाशी नसावा.

ज्या विहारांत वर्षावासाचे वाचन होते, तिथे वाचनानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा आणि पहिला प्रश्न मुलींना विचारू द्यावा, एवढी आमची नम्र सूचना आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.